गरम बोअरची राखण

उमाजीला राखणीला बसवलं साहेबानं, पण बांधून घातलं ते त्यानं स्वतःलाच.

चुडाव्याच्या शिवारात कंपनीनं गॅससाठी खोल बोअर मारलं होतं. गॅसचा वाससुद्धा आला नाही. आलं ते वाफाळतं पाणी. कंपनी गाशा गुंडाळायला निघाली, पण एक तरुण साहेब मात्र हरखून गेला. म्हणाला, येलदरीच्या धरणात पाण्याच्या जोरावर वीज होते, इथं पाण्याच्या उष्णतेवर होईल. मशीन घेऊन येतो, तोवर कुणी नळीत दगड टाकू नयेत म्हणून राखणदार पाहिजे.

उमाजीची मेंढरं तेव्हा खतासाठी शेजारच्याच रानात बसली होती. साहेबानं विचारलं, "राहशील का वर्षभर?" नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण या गड्याला चारचौघांत शब्द द्यायची भारी हौस! कमरेची पिशवी सोडून त्यानं खंडोबाचा भंडारा उचलला आणि गावादेखत बोलला, "या बोअरच्या विजेवर दिवा पेटस्तोवर मी या शिवाराची वेस वलांडनार न्हाई."

साहेबाला हसू आलं. उमाजीच्या बायकोनं, केवळाबाईनं मात्र कपाळाला हात लावला.

साहेबाची बदली झाली. मशीन काही आलं नाही. मेंढरं धाकट्या भावाच्या, येडबाच्या हाती गेली. दरसाल दिवाळीनंतर कळप घेऊन केवळाबाई यायची, चार दिवस राहायची, की चाऱ्यामागं पुन्हा वाटेला लागायची. उमाजी वेशीच्या ओढ्यापर्यंत सोबत जायचा आणि थांबायचा. लेकीचं लग्न मानवतला लागलं, तेव्हा यानं ओढ्याकाठी उभं राहून मानवतच्या दिशेनं अक्षता टाकल्या. लेकरं पाहत नव्हती म्हणून पोटभर रडला.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या हिवाळ्यात कंपनीची जीप आली. कळपही तेव्हा तिथंच बसला होता. उमाजी फेटा गुंडाळतच धावला.

"मशीन आनलं का, साहेब?"

त्यांनी सिमेंट आणलं होतं. दुपारपर्यंत बोअरचं तोंड बुजवून टाकलं. नवा साहेब हात झटकत म्हणाला, "बाबा, सुटलास तू. जा घरी."

"मंग दिवा कवा पेटंल?"

"इथं? कधीच नाही."

साहेबाच्या लेखी उमाजी सुटला होता. खंडोबाच्या लेखी काय?

दिवेलागणीला केवळाबाईनं त्या ओल्या सिमेंटाशेजारी चिमणी पेटवून ठेवली. "हा बघा, पेटला दिवा. सकाळी चला आमच्यासंगं. आवं, लय झालं आता."

"घासलेटावर पेटलाय त्यो. देवाला फशिवतीस?"

तिनं पुष्कळ बोलून पाहिलं. उमाजी ऐकेना. तिच्यासोबत जायला तर त्याचा जीव तुटत होता.

सकाळी येडबानं कळप हाकला. घोडीवर बिऱ्हाड लादलेलं बघून केवळाबाई पुढं गेली असणार, असं उमाजीला वाटलं. जाताना ती बोललीसुद्धा नाही, म्हणून तो हिरमुसला. ओढ्यापाशी थांबून त्यानं मेंढरांचा आवाज विरेपर्यंत ऐकला आणि माघारी फिरला.

बोअरपाशी चूल पेटली होती. केवळाबाई भाकरी थापत होती. तिच्या कपाळावर ताजा भंडारा होता.

"तू गेली न्हाईस?"

"म्या बी भंडारा उचलला. तुमी वेस वलांडस्तोवर मी बी वलांडनार न्हाई."

उमाजी चुलीपाशी येऊन टेकला. आजवर निदान ती तरी मोकळी होती.