घासतं खाली, ढिलं वर

मित्रांनो, दाराला रंग मिळतो, मूठ मिळते, पाहुण्यांची थाप मिळते. मला मिळाले ते फक्त चार स्क्रू. मी एक जुनी बिजागरी आहे. मागच्या खोलीच्या दाराला तीन बिजागऱ्या आहेत, त्यांतली सगळ्यांत वरची मी. दार कलतं ते माझ्यापासून, म्हणून सगळी ओढही माझ्यावरच.

मला बसवलं ते या घरातल्या आजोबांनी. ते सुतार होते. पटाशीने त्यांनी चौकटीत खाच कोरली ती इतकी नेमकी, की माझ्या कडेने नखसुद्धा जात नव्हतं. मग त्यांनी दार अर्धं उघडून सोडलं. ते तिथेच थांबलं. "सोडल्यावर दार आपणहून हललं, तर सुताराने आपलं नाव सांगू नये," ते म्हणाले.

पंचवीस वर्षं मी निमूट काम केलं. दाराच्या मागच्या खुंटीवर ओले टॉवेल आले, पिशव्या आल्या, इस्त्रीला द्यायचं गाठोडं आलं. माझा वरचा स्क्रू ढिला झाला. मी कुरकुरले. सूनबाईंनी मला तेल घातलं. आवाज बंद झाला, दुखणं तसंच राहिलं.

मग दार कललं आणि खालचा कोपरा फरशीला घासू लागला. आजोबांचा मुलगा कचेरीत काम करतो, पण हत्यारांची हौस दांडगी. एका रविवारी तो रंधा घेऊन बसला.

"अरे, रंधा ठेव. वरच्या बिजागरीचा स्क्रू बघ," आजोबा म्हणाले.

"बाबा, घासतंय खाली आणि तुम्ही मला वर बघायला सांगताय?"

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला!"

"तुम्ही रिटायर झालात ना? मग बसा की आरामात."

त्याने दार खालून तासलं. आठ दिवस ते छान चाललं. मग मी आणखी सैल झाले आणि दाराचा वरचा कोपरा चौकटीत अडकू लागला. घरच्यांना सवय लागली. मूठ धरायची, दार जरा वर उचलायचं, मग उघडायचं. आपण उचलतो आहोत हे त्यांना कळतही नव्हतं.

आजोबांचे हात तोवर थरथरू लागले होते. त्यांनी मुलाला दोनदा सांगितलं. "उद्या करतो, बाबा." तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही. आयुष्यभर दारं बसवणाऱ्याने आपल्याच खोलीच्या दारासाठी किती वेळा तोंड उघडायचं?

ते चहाला उशिरा येऊ लागले. मग येईनासे झाले. बाहेर मुलगा म्हणे, "बाबांना हल्ली माणसं नकोशी झालीत." सूनबाई म्हणत, "वय झालं, एकांत लागतो." मी आत-बाहेरच्या मध्ये लटकलेली, दोन्हीकडचं मला दिसत होतं. आत आजोबा दोन्ही हातांनी मूठ धरून उभे असत. मला तेव्हा कुरकुरायचं होतं. पण तेल मुरलं होतं.

एक दिवस त्यांची मुलगी आली आणि त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. कोणी अडवलं नाही.

महिनाभराने सूनबाईंचं मनगट मुरगळलं. घरात एकट्याच होत्या. चादर आणायला त्या खोलीत गेल्या आणि वाऱ्याने दार लागलं. एका हाताने त्यांनी ओढून पाहिलं, हिसका दिला. दार हललं नाही. थकून त्या खाटेवर बसल्या, तेव्हा खाटेच्या पायाशी लाकडाची एक पाचर दिसली. छान तासलेली, पण कड झिजलेली. त्यांनी ती वाकून दाराखाली सरकवली, पायाने दाबली. दार उचललं गेलं आणि उघडलं. त्यांनी वाकून पाचर पुन्हा उचलली आणि तिच्या झिजलेल्या कडेवरून बोट फिरवलं. आजोबांना वाकलं की चक्कर येई, हे त्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "बाबा एकटे बसत नव्हते हो. अडकत होते."

त्याने फोन लावला. "बाबा, वरचा स्क्रू नुसता फिरतोय. भोक मोठं झालंय."

"काडेपेटीच्या चार काड्या घे, गूल काढून टाक. गोंद लावून भोकात ठोक आणि रात्रभर वाळू दे. मग लांब स्क्रू घाल. आणि आधी दाराखाली पाचर देऊन वजन उचलून धर."

"पाचर सापडली, बाबा."

"सापडली का? बरं झालं."

दुसऱ्या दिवशी स्क्रू पिळायला दहा मिनिटं लागली. दहाच. मुलाने पुन्हा फोन केला. "दार झालं नीट. आता या ना घरी."

"इथे बरं आहे रे. दारं हलकी आहेत."

मित्रांनो, दार खाली घासलं तर आधी वर बघा. बिजागरी कुरकुरली तर तेलाची बाटली उचलण्याआधी तिचे स्क्रू तपासा. आणि घरातलं कोणी खोलीबाहेर येईनासं झालं, तर त्याच्या स्वभावाबद्दल बोलण्याआधी एकदा आत जा, दार लावा आणि त्याच्या हातात असेल तेवढ्याच जोराने ते उघडून बघा.

सूनबाई आता रोज सकाळी हे दार अर्धं उघडून सोडतात. ते तिथेच थांबतं.