सातशे पानांचा मी

मित्रांनो, ही गोष्ट एकोणीसशे नव्व्याण्णव सालची. दसरा चार दिवसांवर आला होता, तेव्हा मी सोलापूरच्या पुस्तकांच्या दुकानातून तामलवाडीला आलो. मी एक जुना, जाडजूड संदर्भग्रंथ आहे. संगणकाला 'सी' नावाच्या भाषेत आज्ञा कशा द्यायच्या, याचे सगळे नियम माझ्या सातशे पानांत आहेत.

दुकानात माझ्याशेजारी एक बारीकसं पुस्तक होतं. बारावी झालेल्या उमादेवीने तेच उचललं. तिने नुकतंच तुळजापूरच्या संगणक वर्गात नाव घातलं होतं. तिथली परीक्षा पास झाली तर पुण्याला पुढे शिकवायचं, असा तिच्या वडिलांचा, बंडप्पांचा शब्द होता.

"अप्पा, हे घेऊ. ह्यात पहिल्यापास्नं समजावून सांगितलंय."

"एवढंसं? आठ दिवसांत संपंल की! ते जाड घे, जल्मभर पुरंल."

एसटीत बंडप्पांनी मला मांडीवर धरलं होतं. कुणी विचारो न विचारो, ते सांगत, "लेकीचं हाय. कंप्युटरचं." दसऱ्याला त्यांनी माझ्या वेष्टणावर विभूतीची बोटं ओढली, फूल वाहिलं आणि बजावलं, "ह्याला पेन्सिल लावायची न्हाय."

उमादेवीने मला उघडलं. पहिलं पान तिने चार वेळा वाचलं, मग पुन्हा पहिलंच वाचलं. हे असं का, एवढंच तिला विचारायचं होतं. माझ्याजवळ नियम होते, त्यांचं कारण नव्हतं.

"कसं हाय गं पुस्तक?" बंडप्पा कौतुकाने विचारत.

"लई चांगलं हाय, अप्पा."

त्यांचा आनंद मोडायला तिचं मन धजलं नाही. परीक्षेत ती नापास झाली. "माझंच डोकं चालत न्हाय," एवढं म्हणून तिने मला फळीवर ठेवलं आणि ती घरच्या किराणा दुकानात बसू लागली. मला तोंड असतं, तर दोष तिच्या डोक्याचा नाही, हे मी ओरडून सांगितलं असतं.

परवाच्या दिवाळीत तिच्या भावाच्या मुलीने, शिवानीने, मला खाली काढलं आणि दुकानात नेलं. ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. चार पानं चाळून ती हसली.

"आत्या, तू ह्याच्यावरनं शिकायला बसली होतीस? अगं, काही अडलं तर आम्ही हे उघडतो. नवशिक्याचं पुस्तकच न्हाय हे!"

साखर जोखता जोखता उमादेवीचा हात थांबला.

"मग मी ढ नव्हते व्हय गं?"

शिवानीचं हसू विरलं.

मित्रांनो, पुस्तक घेताना दुकानातच त्याची दोन पानं वाचा. नाही समजलं, तर घेऊन देणाऱ्याला तसं सांगा. त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका.

बंडप्पांना जाऊन अकरा वर्षं झाली. शेवटपर्यंत ते पाहुण्यांना माझी जाडी दाखवत होते. शिवानी पुण्याला नोकरीला लागली. उमादेवी अजून दुकानातच बसते आणि दर दसऱ्याला मला विभूती लावते. माझी सगळी पानं आजही करकरीत आहेत. पहिलं तेवढं बोटांनी मळलेलं आहे.