चाळीस मिनिटांचं काम

मी एक लॅपटॉप बोलतोय. पाटीएवढा आहे, आणि मला सीडीचा खण नाही. दुकानदारानं हा माझा गुण म्हणून सांगितला होता, वजनाला हलका म्हणून. स्वयंपाकघर नसलेल्या घराला हवेशीर म्हणावं, तसंच हे.

शिरूरच्या एका हायस्कुलात क्लार्क असलेल्या हौसरावांनी मला त्यांच्या लेकीसाठी घेतलं. सुलक्षणा तेव्हा कॉलेजात होती. पहिल्या दिवशी मला हळदकुंकू वाहिलं. त्यातले काही कण अजून माझ्या कळांच्या फटीत आहेत. चार वर्षं तिनं मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. मग तिचं लग्न झालं. दौंडला जाताना तिच्याबरोबर कपाट गेलं, मिक्सर गेला, मी मागे राहिलो. जावयांकडे मोठा लॅपटॉप होता.

पुढे हौसराव निवृत्त झाले, त्यांच्या पत्नी पार्वतीबाई वारल्या, आणि घरात दोघेच उरलो. ते खुर्चीत, मी फडताळात. दोघांनाही कुणी चालू करत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी मला खाली काढलं, पुसलं, बटण दाबलं. माझी आतली सिस्टीम केव्हाच बिघडली होती. काळा पडदा, त्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. दुसरा कुणी वैतागला असता. हौसराव खूश झाले.

त्याचं कारण असं. हौसरावांनी आयुष्यात विषय लिहिल्याशिवाय पत्र लिहिलं नाही. सासरी नांदणाऱ्या लेकीला नुसतं 'ये' कसं म्हणायचं? 'करमत नाही' हा विषय त्यांच्या कुठल्याच फाइलीत नव्हता. माझ्यामुळे त्यांना विषय मिळाला. त्यांनी लगेच फोन लावला आणि यंत्र बंद पडल्याचं कळवलं. फोनवर ते एवढ्या उत्साहानं बोलताना मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

सुलक्षणा दौंडला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते. इतर लॅपटॉपांच्या पोटात सीडी घालून नवी सिस्टीम टाकता येते, मला खण नाही. माझ्यासाठी सगळी सिस्टीम पेनड्राइव्हमध्ये भरावी लागते, तीही अशी की मी त्याच्यावरून चालू झालो पाहिजे. हे सगळं तिनं दौंडला करून आणलं. शनिवारी न्हावऱ्यावरून येणाऱ्या एस.टी.नं आली, जमिनीवर बसली, पेनड्राइव्ह लावला, दोन कळा दाबल्या. पडद्यावर आकडे चढायला लागले.

"चाळीस मिनिटं लागतील, आप्पा. तोवर भाकरी टाकते."

ती आत गेली. हौसराव माझ्यासमोर राखणीला बसले. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता, तो मध्येच थांबला. काम झालं असं समजून त्यांनी पेनड्राइव्ह उपसला, रुमालानं पुसला, आणि ती विसरू नये म्हणून तिच्या पर्समध्ये नीट ठेवला. माझ्या पडद्यावर तेव्हा एकाहत्तर टक्के होते.

सुलक्षणानं कपाळावर हात मारला, मग हसली. पुन्हा सगळं पहिल्यापासून करायचं, आणि तिच्या एस.टी.ची वेळ झालेली. ती म्हणाली, पंधरा दिवसांनी येते. हौसरावांनी हे ऐकलं आणि मान खाली घातली. लाजून घातली असं तिला वाटलं. माझा कॅमेरा बंद होता, पण एवढं कॅमेऱ्याशिवायही कळतं.

ती चूक खरी होती. त्यानंतरच्या चुकांबद्दल मी तसं म्हणणार नाही.

दुसऱ्या खेपेला ती चहा करायला उठली आणि ज्या माणसानं जन्मात केरसुणी धरली नव्हती, तो खोली झाडायला लागला. झाडता झाडता माझ्या वायरीत पाय अडकला. माझी बॅटरी मेलेली, वायर निघाली की मी संपलो. तिसऱ्या खेपेला वायरीला पाय लागला नाही, घराचा मेन स्विचच पडला. शेजारच्या रंगुबाईंकडे लाईट होती. त्या दारात येऊन बघून गेल्या.

"लई खोड्या करतंय व्हय गं हे यंत्र?" त्या म्हणाल्या. "का मालकावर गेलंय?"

हौसरावांनी त्यांना चहा दिला नाही.

त्या शनिवारांमध्ये माझं काही झालं नाही, पण घरात मेथी शिजली, जुने फोटो निघाले, जावयांच्या बदलीचा विषय दोनदा चघळून झाला. मी अर्धवट पडून ऐकत असे. मला बरं होण्याची घाई नव्हती.

चौथ्या खेपेला सुलक्षणानं मला चालू केलंच नाही. ती शांतपणे म्हणाली, "आप्पा, इथं लाईट धड नाही. मी ह्याला दौंडला नेते, तिथं एका बैठकीत होईल. तुम्हालाही दर वेळी माझ्यासाठी ताटकळावं लागतं."

हौसरावांनी माझ्याकडे बघितलं. एकच वाक्य बोलायचं होतं. सदतीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज दुरुस्त करून दिलेल्या माणसाला ते जुळवता आलं नाही.

"ने," ते म्हणाले. "चार्जर विसरू नको."

दौंडला खरोखरच चाळीस मिनिटं लागली. मी नवा झालो. सुलक्षणानं लगेच फोन लावला आणि माझ्या शेजारीच ठेवला, म्हणून पलीकडचंही ऐकू आलं.

"आप्पा, झालं बघा."

"समदं झालं?"

"सगळं."

"आता काय बिघाड न्हाई राहिला?"

"काही नाही. शिरूरला जाणारं कुणी भेटलं की त्याच्याबरोबर पाठवून देते."

मग ते म्हणाले, "घाई न्हाई."

त्याला आता दोन महिने होतील. मी दौंडला टेबलाच्या कडेला पिशवीत बसून आहे. ठणठणीत आहे, आणि याचा मला फार त्रास होतो. सुलक्षणा वाईट नाही. तिच्या हिशेबी माझं काम मिटलं, एवढंच.

वाचकहो, तुमच्यापैकी कुणी दौंडहून शिरूरला निघालं असेल आणि एक बाई तुमच्या हातात लॅपटॉपची पिशवी देऊ लागली, तर कृपा करून घेऊ नका. जागा नाही म्हणा, अडचण आहे म्हणा, काहीही सांगा. तिनंच आणून द्यावं असं काहीतरी करा.