रदरहाइदची ओहोटी

बेरिल स्टॅनर्डच्या फेरीत राजवाडा नव्हता. मोठं घड्याळ नव्हतं. नदीवरचा तो प्रसिद्ध पूल ती लांबूनच दाखवायची, तोही कुणी फारच हट्ट धरला तर. "ते बघायला तुम्हाला माझी काय गरज? बिस्किटांच्या डब्यावरही असतो तो," असं म्हणून ती पुढे चालू लागायची. लंडनमध्ये आठ दिवस काढूनही लंडन दिसलं नाही अशी ज्यांना चुटपुट लागते, अशी माणसं तिच्याकडे यायची. दर शनिवारी आठजण. नववा आला तर ती त्याला सरळ घरी पाठवायची.

फेरी होती थेम्सच्या पात्रातून. रदरहाइदला दोन गोदामांच्या मधून शेवाळलेल्या दगडी पायऱ्या खाली उतरतात. ओहोटीला तिथे नदीचा तळ उघडा पडतो. गोटे, विटांचे तुकडे, गंजके खिळे आणि चिखल. डाव्या हाताला घराएवढी उंच भिंत धरून अर्धा किलोमीटर चालायचं. मध्येच भिंत नदीत घुसते, त्याला बेरिल 'नाक' म्हणायची. नाकाला वळसा घातला की पलीकडे दोनशे वर्षांपूर्वी जहाजं मोडायची जागा. त्या जहाजांच्या लाकडी फासळ्या अजून चिखलातून वर आलेल्या आहेत. भरतीला त्यांच्यावर दोन पुरुष पाणी असतं, आणि परत यायला वाट एकच, नाकावरून.

म्हणून ओहोटीची वेळ चुकवून चालत नाही. बेरिलचा बाप याच नदीत मालाची होडी चालवायचा, आणि चालता येऊ लागल्यापासून तिने हे ऐकलेलं. भरती-ओहोटीचं कोष्टक हिवाळी वेळेत छापलेलं असतं. मार्चअखेरीस सगळा देश घड्याळं तासभर पुढे करतो, पण नदीला कोण सांगणार? तेव्हापासून कोष्टकातल्या प्रत्येक वेळेत एक तास मिळवायचा. बेरिल गेली चाळीस वर्षं तो मिळवत आली होती.

या वर्षी कोष्टकाची बारीक अक्षरं तिला वाचवेनात, म्हणून लेकीने, लोरेनने, तेच मोठ्या अक्षरात छापून आणून दिलं होतं. आणि आज लोरेन फेरीलाही आली होती. हौस म्हणून नव्हे, पाळतीवर. हिवाळ्यात बेरिल किटलीखालचा गॅस दोनदा विसरली. एकदा नातवाचा वाढदिवस विसरली. तेव्हापासून लोरेनने एकच धोशा लावला होता. रदरहाइदचं घर विकायचं आणि केटरिंगला लोरेनच्या घरातल्या मागच्या खोलीत राहायला जायचं. शेवटी दोघींचं ठरलं. आजची फेरी नीट पार पडली तर वर्षभर केटरिंगचं नाव नाही. एवढंसं काही चुकलं तरी सामान बांधायचं.

"आई, हात धरू का?" पायऱ्या उतरताना लोरेनने विचारलं.

"तुझाच धर. तू शहरी बूट घालून आलीयेस."

बेरिलने घड्याळ पाहिलं. सव्वाबारा. घड्याळं पुढे झाल्यानंतरची ही पहिलीच फेरी. कोष्टकात ओहोटीची वेळ बारा, त्यात एक तास, म्हणजे एक. पाणी अजून पाऊण तास उतरत राहणार होतं. नाक पावणेतीनपर्यंत कोरडं. घाईचं काही कारणच नव्हतं.

आठजणांत डर्बीचे प्रिचर्ड नावाचे निवृत्त हेडमास्तर होते. कंबरेचा सांधा नवा बसवलेला, हातात काठी, आणि प्रत्येक गोष्टीला शंका. लीड्सच्या दोघी बहिणी होत्या, त्या दर चार पावलांवर वाकून काहीतरी उचलायच्या. बाकीची पाच माणसं एका कारखान्यातली, गप्प आणि मजेत. सगळे फासळ्यांपाशी पोचले तेव्हा पाऊण वाजत आला होता.

"ही काय, जळकी लाकडं?" प्रिचर्ड म्हणाले.

"जळकी लाकडं तुमच्या शेकोटीत, साहेब. ही लढाऊ जहाजांची, यांनी तोफा वाहिल्यात," बेरिल म्हणाली आणि माणसं हसली. एका बहिणीला मातीच्या चिलमीची नळी सापडली आणि दोघी पोरींसारख्या ओरडल्या. बेरिलने ती बघून परत जागेवर ठेवायला लावली. इथून काही उचलायची परवानगी नव्हती आणि बेरिल त्याबाबतीत हेडमास्तरांपेक्षा कडक होती.

बोलता बोलता तिची नजर एका विटेवर गेली. पिवळी वीट, पाण्याच्या कडेला. मघाशी ती कोरडी होती. आता तिच्यावर पाण्याची जीभ फिरून गेली.

बोटीची लाट, ती मनाशी म्हणाली. नुकती एक प्रवासी बोट गेलीच होती.

पाच मिनिटांनी वीट पाण्याखाली होती. नदीत दुसरी बोट नव्हती.

एकटी असती तर बेरिलने त्याच क्षणी सगळ्यांना पिटाळलं असतं. पण दहा पावलांवर लोरेन उभी होती, हाताची घडी घालून, आईच्या तोंडाकडे बघत. आता एकदम "चला, परत" म्हटलं तर ती विचारणार, का? आणि चुकून पाणी उतरतच असेल तर म्हणणार, बघ, आई उगाच घाबरलीस. बेरिलने खिशातला कागद काढून पाहिला. शनिवार, बारा. बारा आणि एक, एक. हे चुकूच शकत नव्हतं. ती तोफांची गोष्ट सांगत राहिली, आणि त्या गोष्टीने तिची वीस मिनिटं खाल्ली. त्या वीस मिनिटांसाठी तिने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

"बाई," प्रिचर्ड काठीने दाखवत म्हणाले, "ओहोटीत पाणी जवळ येतं का हो?"

एक वाजून वीस मिनिटं झाली होती. पाण्यावरून एक काटकी चालली होती, आणि ती समुद्राकडे जायची सोडून शहराकडे चालली होती. आता मात्र स्वतःची समजूत घालायला जागाच उरली नाही.

"सगळ्यांनी ऐका," बेरिल म्हणाली. आवाज तिला स्वतःलाही परका वाटला. "भरती लागलीये. आपण आत्ता निघतोय. फोटो नाहीत, वाकणं नाही. भिंतीला धरून, एकामागे एक."

"पण तुम्हीच म्हणालात एक वाजता ओहोटी—"

"म्हणाले. कोष्टकात बारा, त्यात एक तास मिळवला, एक. कुठेतरी माझं चुकलं. चला!"

लोरेनचा चेहरा पांढराफटक पडला. तोंड उघडलं आणि मिटलं. बेरिलने त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. झालं. हिला हेच बघायचं होतं.

शेवाळावरून धड चालता येईना. कारखान्यातल्या एकाने प्रिचर्डना खांद्याचा आधार दिला, तरी ते एकेक गोटा तपासून पाय टाकत होते, आणि त्यांना घाई करा म्हणायची सोय नव्हती. पडले असते तर उचलणार कोण? आता उजव्या हाताला भिंत, डावीकडून पाणी, आणि दोन्हीतली वाट दर मिनिटाला अरुंद. नाकापाशी पोचले तेव्हा दोन वाजायला पाच मिनिटं होती, आणि नाकाच्या पायथ्याशी गुडघाभर पाणी होतं. काळं, थंडगार, भिंतीला चपाचप मारणारं.

धाकटी बहीण रडायला लागली.

"मी बचाव बोटीला फोन केलाय," लोरेन म्हणाली. "अर्ध्या तासात येतो म्हणाले. आई, आपण इथेच थांबू या."

"अर्ध्या तासात इथे कमरेच्या वर पाणी येईल. आणि मागे जायला जमीन नाही."

"पण ते म्हणाले थांबा—"

"ते म्हणाले ते बरोबर, पण ते इथे उभे नाहीत." बेरिलने बुटांच्या नाड्या आवळल्या. "नाकाच्या पायाशी फरशी आहे, दीड हात रुंद. भिंतीला चिकटून चाललात तर पायाखाली दगड लागेल. एक पाऊल बाहेर टाकलंत तर लागणार नाही. भिंतीला साखळ्या आहेत, त्या सोडायच्या नाहीत. मी पुढे. लोरेन, तू सगळ्यात मागे."

"आणि तुमचं यातही चुकत असेल तर?" प्रिचर्डनी विचारलं.

प्रश्न रास्त होता, म्हणूनच झोंबला. तासाभरापूर्वी तिने त्यांना चार शब्द सुनावले असते. आता तिला खरंच माहीत नव्हतं. फरशी भिंतीलगतच आहे ना? का दुसऱ्या कुठल्या नाकाची आठवण या नाकाला चिकटली? चाळीस वर्षांचा तास जर डोक्यातून निसटतो, तर फरशीचं काय घेऊन बसलात?

"म्हणून मी पुढे जातेय," ती म्हणाली. "मी बुडाले तर तुम्ही येऊ नका."

ती पाण्यात उतरली. थंडीने पोटऱ्या कापल्यासारख्या झाल्या. पायाने चाचपलं. चिखल. अजून पुढे. चिखल. मग दगड. सपाट, कडक, बापाने दाखवला होता तिथेच. तिने साखळी धरली आणि मागे हात केला.

एकेकजण उतरला. पाणी मांडीपर्यंत आलं होतं. निम्मी माणसं नाकाच्या टोकापाशी असताना वरच्या अंगाने इंजिनाची घरघर आली. जलद प्रवासी बोट.

"साखळी! दोन्ही हातांनी! तोंड भिंतीकडे!"

बोट गेली, आणि क्षणभराने लाट आली. पाणी छातीवर आदळलं, मागे ओढलं, पुन्हा आदळलं. प्रिचर्डची काठी निसटून गेली. त्यांचे पाय सुटले, आणि मागून लोरेनने एका हाताने साखळी आणि एका हाताने त्यांच्या कोटाची कॉलर धरली. ती किंचाळली नाही. दात आवळून धरून राहिली. लाट ओसरली तेव्हा हेडमास्तर पुन्हा फरशीवर होते.

"चला," बेरिल म्हणाली. "थांबायचं नाही."

नाकाच्या अलीकडे तळ चढता होता. पुढचं अंतर घोटाभर पाण्यातून गेलं. दोन वाजून वीस मिनिटांनी दहाच्या दहा माणसं पायऱ्या चढून रस्त्यावर आली आणि बेरिलचा जीव भांड्यात पडला. तिने मोजली, पुन्हा मोजली. लोरेनने बचाव बोटीला पोचल्याचं कळवलं. समोरच्या दारूगुत्त्याच्या मालकिणीने घोंगड्या आणल्या.

प्रिचर्डनी घोंगडी गुंडाळली, श्वास सावरला आणि खिशातली ओली वही काढली.

"मला हे वर कळवावं लागेल. तुमचं वय काय, बाई?"

"बहात्तर."

"आणि चूक कुणाची?"

"माझी." बेरिलने मान खाली घातली नाही, पण डोळे भरून आले, आणि ते तिने लपवलेही नाहीत. "तास चुकला. कसा चुकला तेही मला कळत नाही, आणि ते जास्त वाईट. ही शेवटची फेरी. तुम्ही कळवा, मीही कळवते." मग लेकीकडे वळून म्हणाली, "खोली रंगवून घे."

लोरेन आता नुसती गप्प राहिली असती तरी पुरलं असतं. तिला जे हवं होतं ते आईने रस्त्यावर चारचौघांत तिच्या पदरात टाकलं होतं. ती भिजलेल्या केसांनी उभी राहिली, आणि बेरिलला वाटलं, हिला रडू येतंय, बरं वाटून.

"तास तिचा चुकला नाही," लोरेन प्रिचर्डना म्हणाली. "कोष्टक मी छापलं. छापील वेळ अकरा होती. आई तास मिळवायला विसरेल म्हणून मी तो आधीच मिळवला आणि बारा लिहिलं. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडली असती. तिने तिचा तास बरोबर मिळवला. तुमच्या वहीत माझं नाव लिहा. लोरेन स्टॅनर्ड. वय सत्तेचाळीस."

प्रिचर्ड वहीकडे बघत राहिले आणि मग सगळ्यांबरोबर गुत्त्यात निघून गेले.

रस्त्यावर दोघी उरल्या. बेरिलला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तू माझ्या कोष्टकाला हात लावलास?"

"मला वाटलं तू—"

"मला कळलं तुला काय वाटलं! तिकडे फरशी शोधताना मला काय वाटलं माहितीये? पाण्याची भीती नव्हती गं. माझं डोकं गेलं, तुझंच खरं ठरलं, आता स्वतःच्या पायांवरही विश्वास ठेवायचा नाही, याची भीती. नऊ माणसं मागे घेऊन मी त्या भीतीत चालले."

लोरेन हुंदके देत होती. "चुकलं, आई. माझ्यामुळे तो माणूस मेला असता."

"तुझ्या एकटीमुळे नाही." बेरिलचा राग एकदम उतरला आणि त्याखालचं वर आलं. "एक वाजायच्या आतच मी वीट बुडताना बघितली होती. बापाने मला नदी वाचायला शिकवलं, कागद नाही. तरी वीस मिनिटं मी गोष्टी सांगत राहिले. का माहितीये? तू बघत होतीस म्हणून. तू नसतीस तर मी पहिल्या विटेलाच वळले असते."

लोरेनने चेहरा पुसला. गुत्त्यातून धाकट्या बहिणीचं मोठ्याने हसणं ऐकू आलं. जगलेली माणसं हसतात तसं.

"केटरिंगचं मी पुन्हा काढणार नाही," लोरेन म्हणाली.

"काढ की. म्हातारी तर मी होणारच आहे," बेरिल म्हणाली. "पण माझ्या माघारी काही दुरुस्त करू नकोस. मला विचार. मी भांडेन. तरी विचार."