डाव्या टोकाची जागा

मित्रांनो, बसा. उभ्याने कुणाची गोष्ट ऐकू नये. सरका, अजून सरका. दिसायला सहांची जागा असली तरी माझ्यावर नऊ जण आरामात मावतात. फक्त ते डावं टोक सोडा. तिथे नको. का नको, तेच सांगायला तर तुम्हाला बसवलंय.

मी टेकडी इलेव्हन या फुटबॉल क्लबच्या मैदानातला एक जुना लाकडी बाक आहे. क्लब घाटकोपरचा. टेकडीवरच्या वस्तीतली पोरं खाली मैदानात खेळायला उतरायची, म्हणून टेकडी इलेव्हन. उगाच मोठ्ठं नाव ठेवण्याएवढा वेळ कुणाकडे होता? माझ्या पाठीमागे मैदानाची उंच भिंत आहे आणि भिंतीपलीकडे रस्ता. ही भिंत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला भीमराजने बनवलं. भीमराज गोरेगावच्या स्टुडिओत सुतारकाम करायचा, सिनेमाचे सेट ठोकायचा. आज महाल, उद्या कोर्ट, परवा देऊळ. शूटिंग संपलं की दुसरी माणसं यायची आणि सगळं तोडून टाकायची. "द्रौपदी, माझ्या हातचं एक काम जगात उभं नाय गं," असं तो बायकोला म्हणायचा. मग एकदा एका राजदरबाराचा सेट मोडला, तेव्हा मुकादमाला विचारून त्याने सिंहासनाखालच्या जाड फळ्या टेम्पोत घालून आणल्या. लोखंडी पाय जोडले, हिरवा रंग दिला आणि मला इथे मधल्या रेषेसमोर आणून ठेवलं. म्हणजे बघा, राजाच्या पायाखालून मी तुमच्या बुडाखाली आलो. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तो राजा पगारी होता. ही माणसं खरी होती.

आणि काय माणसं! पावसाळा संपला की दर रविवारी मॅच. तिकीट नाही, पास नाही, फाटक सताड उघडं. जागा धरायची तर एकच रीत होती: सकाळी येऊन रुमाल टाकायचा. रुमाल टाकून माणूस खुशाल घरी जायचा, आंघोळ करायचा, मटण आणायचा, जेवून दुपारी यायचा. रुमाल तिथेच. वाऱ्याने उडाला तर शेजारचा माणूस उचलून परत ठेवायचा आणि वर खडा ठेवायचा. एकदा बाहेरच्या एका माणसाने रुमाल बाजूला सारून बूड टेकलं. तेव्हा क्लबचा सेक्रेटरी शिवदास त्याच्यावर असा काही खेकसला! "ओ, उठा! हा रुमाल नाय, माणूस बसलाय इथे. माणसाच्या मांडीवर बसाल काय?" हे वाक्य शिवदासचं बरं का. तेही लक्षात ठेवा.

शिवदास कोकणातल्या घरचा, भीमराजचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघं एकाच टीममधून खेळले, एकाच बाटलीतून पाणी प्यायले. दर वर्षी पावसाळ्याआधी दोघं मिळून मला रंग द्यायचे आणि रंग कमी, भांडणं जास्त व्हायची.

भीमराजची जागा म्हणजे हे डावं टोक. इथून या बाजूच्या कॉर्नरचा झेंडा नीट दिसतो. त्याची मुलगी तेजल, त्याचं शेंडेफळ, क्लबच्या मुलींच्या टीममध्ये दहा नंबरची जर्सी घालून खेळते. कॉर्नर तीच मारते. बॉल ठेवला की ती आधी माझ्याकडे बघायची. भीमराज आपला निळ्या चौकटीचा रुमाल हात उंच करून धरायचा. बाकी काही नाही, नुसतं "आहे मी" एवढंच. मग ती बॉल मारायची. शाळेत असल्यापासून हे असंच चाललं होतं.

गेल्या मोसमात मुलींची टीम उपनगर चषकाच्या फायनलला पोचली, आणि फायनल आमच्याच मैदानात ठरली. टेकडीवर नुसता जल्लोष! भीमराजचे गुडघे तोवर कामातून गेले होते. काठी टेकत, प्रत्येक पायरीला शिवी देत तो खाली उतरायचा. पण माझ्यावर बसून म्हणाला, "एवढी फायनल इथून बघू दे. मग हे गुडघे गेले खड्ड्यात." मित्रांनो, त्या माणसाने आयुष्यात दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

आणि इथूनच वाट लागली.

स्पर्धेवाल्यांचा एक इंजिनीअर टेप घेऊन आला. बाई होत्या, मानसीमॅडम. भल्या होत्या, मला उगाच खोटं बोलायचं नाही. त्यांनी फाटकाची रुंदी मोजली, भिंत बघितली, आम्हा सगळ्या बाकांना मोजलं आणि सांगितलं, "पाचशेच्या वर एक माणूस नको. पळापळ झाली तर या एका फाटकातून बाहेर कसे पडणार?" बरोबरच होतं त्यांचं. आमच्या रविवारी हजार माणसं व्हायची ती आमच्या नशिबाने सुखरूप घरी गेली. तेव्हा त्या आकड्याशी माझं भांडण नाही. आकडा कुणाच्या डोक्यावर पडला, त्याच्याशी आहे.

कारण पाचशे ठरल्यावर आधी पाहुणे मोजले गेले. चषकाला पैसे देणारा बिल्डर, त्याचे मित्र, मित्रांचे मित्र, पुढारी, पुढाऱ्यांची पोरं. पाहुणे बाकावर कसे बसणार? मग सोफे मागवले. पांढरे, गुबगुबीत, पाय पसरून बसलेले. एका सोफ्यावर दोघं, आणि जागा मात्र एका अख्ख्या बाकाची! माझे चार भाऊ उचलून गोदामाच्या मागे उकिरड्यावर टाकले. मला ठेवलं, कारण मी मधल्या रेषेसमोर होतो. माझ्या अंगावर पांढरी चादर घातली आणि पाठीला नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. उरलेले पास वस्तीत वाटले, घराला एक.

"घराला एक म्हणजे काय रे? घरात काय एकच माणूस राहतो?" भीमराजने शिवदासला माझ्यासमोरच विचारलं.

"माझ्या हातात काय आहे, भीम्या? वरून आलंय सगळं," शिवदास म्हणाला. त्याचं लक्ष सोफ्यांवरच्या प्लास्टिककडे होतं.

भीमराज हसला. "बरं बरं. पास द्रौपदीला देतो. तिने पोरीला कधी नीट खेळताना बघितलंच नाय, रविवारी सगळा वेळ चुलीजवळच. माझं काय, मी रुमाल टाकीन."

मित्रांनो, शिवदासने तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य. "आज रुमाल चालणार नाही, भीम्या." तो सोफ्याचं प्लास्टिक ओढत राहिला.

फायनलच्या दिवशी सकाळी, फाटकावर पहारा बसायच्या आधी, भीमराज आला. चादर बाजूला सारून त्याने आपला निळा रुमाल डाव्या टोकाला पसरला, वर खडा ठेवला आणि माझ्या फळीवर थाप मारून निश्चिंत घरी गेला. भोळा म्हणा, वेडा म्हणा. सगळा जन्म जी रीत पाळली, ती एका आठवड्यात मोडेल असं त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

दुपारी नवराबायको फाटकावर आले. द्रौपदीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. ती पुढे होती. पहारेकऱ्याने तिचा पास घेतला, फाडला आणि तिला आत ढकललं. मागून भीमराज.

"पास दिखाओ, काका."

"पास नाय. रुमाल आहे आतमध्ये. तो बघ, बाकावर."

"क्या है?"

"रुमाल, रुमाल! जागा धरलीय मी."

पहारेकरी बाहेरगावचा, भाड्याने आणलेला. तो हसायला लागला. मागची रांगही हसली. द्रौपदी आतून म्हणाली, "अहो, माझा पास घ्या तुम्ही, मी जाते घरी." पण पास तर फाटलेला! आणि एकदा फाडलेल्या पासावर दुसरा माणूस आत येत नाही म्हणे. त्याला बाजूला सारलं. "तू बस जाऊन," तो तिला म्हणाला. "रुमालाकडे लक्ष ठेव. शिवदास येईल, सोडेल मला."

द्रौपदी येऊन माझ्यावर बसली, रुमालाला खेटून, त्यावर हात ठेवून. पाहुणे आले. एका सोफ्यावर कावळ्याने घाण केली होती. शिवदास धावत आला, इकडेतिकडे बघितलं आणि त्याचा हात गेला तो थेट निळ्या रुमालावर.

"शिवदासभाऊ, तो त्यांचा रुमाल आहे," द्रौपदी म्हणाली. "ते बाहेर उभे आहेत. सोडा ना त्यांना आत."

"वहिनी, आज रुमाल नाय चालत. आज नंबर आहेत," असं म्हणून त्याने तो उचलला आणि सोफ्यावरची कावळ्याची विष्ठा पुसली. रगडून पुसली. मग रुमाल खाली टाकून "या साहेब, बसा" म्हणाला. कुणाचा आहे ते त्याला माहीत नव्हतं असं समजू नका. असल्या चौकटीचे दोन रुमाल दोघांनी एकाच दुकानातून घेतले होते.

तुम्ही म्हणाल, बाकाला कसला राग येतो? येतो! माझ्यात खिळे आहेत. एखादा वर काढता आला असता तर त्या दिवशी काढला असता. डाव्या टोकाला कोटातला एक पाहुणा येऊन बसला आणि त्याने मैदानाकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढायला सुरुवात केली.

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून काठीचा आवाज आला. ठक, ठक. मग हाक. "द्रौपदी! हायेस का गं?"

तो रस्त्याने वळसा घालून बरोबर माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. मी आणि तो, मध्ये एक भिंत. जवान पोरं भिंतीवर चढून बसली होती. त्याला गुडघ्यांनी चढू दिलं नाही.

"हाय, हाय," द्रौपदी म्हणाली. डोळे पुसून ती जोरात सांगायला लागली. तिला फुटबॉलातलं ओ की ठो कळत नव्हतं. "त्या पिवळ्यांनी बॉल घेतला. आता आपल्या पोरींनी घेतला. आता कुणीच घेत नाय, नुसत्याच पळतायत!"

"रेफ्री काय करतोय?"

"शिट्टी मारतोय."

सोफ्यावरून कुणीतरी वळून म्हणालं, "आंटी, जरा हळू."

ती हळू बोलेना. शेवटची काही मिनिटं उरली आणि आमच्या पोरींना या बाजूचा कॉर्नर मिळाला. "अहो, तेजल आली! झेंड्यापाशी आली! आपल्याकडेच बघतेय!"

तेजल बघत होती. डाव्या टोकाला कोटवाला मान खाली घालून मोबाइल चाळत होता. ती बघत राहिली. रेफ्रीने शिट्टी वाजवली, तरी बघत राहिली. भिंतीमागून भीमराज ओरडला, "मार, पोरी! मी हाय!" पण ढोल वाजत होते. ते मला ऐकू आलं, द्रौपदीला ऐकू आलं. तेजलला नाही.

तिने मारला. बॉल वळला आणि कुणाला न लागता सरळ जाळ्यात गेला. कॉर्नरवरून सरळ गोल! या मैदानात तसा गोल मी आजवर पाहिला नव्हता. सगळं मैदान उठलं, कोटवालासुद्धा उठला आणि विचारू लागला, "काय झालं, काय झालं?"

तेच भीमराज भिंतीपलीकडून विचारत होता. "काय झालं? कुणी मारला?"

"दहा नंबर, काका!" भिंतीवरचं एक पोर ओरडलं. "काय मारलाय, झकास!"

"माझी पोर आहे ती."

"मग बाहेर काय करताय? आत जा ना!"

काठीचा आवाज तेवढा दूर गेला.

चषक आम्ही जिंकला. फोटोत तेजलच्या दोन्ही बाजूंना सोफ्यावरचे पाहुणे आहेत. द्रौपदीने मातीत पडलेला रुमाल उचलला, घडी घातली आणि कमरेला खोचून ती कुणाशी न बोलता निघून गेली.

पुढच्या रविवारी साधी मॅच होती. सोफे गेले, पास गेले, फाटक पुन्हा सताड उघडं. माझे भाऊ उकिरड्यावरून परत आले, एकाचा पाय मोडून. बाकांवर रुमाल मात्र मोजक्यांनीच टाकले होते. लोक उभ्याने बघत होते. भीमराज आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. अखेर शिवदास त्याच्या घरी गेला आणि आजन्म पास देऊन आला. गुळगुळीत प्लास्टिकमधला, लाल फितीचा, भीमराजचा फोटो लावलेला. वरून आलं होतं म्हणणाऱ्या माणसाने हा पास कुठून आणला, देव जाणे.

त्यानंतरच्या रविवारी तेजल मॅचच्या आधी माझ्याकडे आली. तिच्या हातात तो पास होता. मागून शिवदास लगबगीने आला. "काय गं, पप्पा येतायत ना आज?"

"नाय, काका. पप्पांनी विचारलंय, आज आत यायला पास लागतो का?"

"छे गं! आज कशाला लागेल?"

"मग हा कशाला दिला, असं विचारलंय." तिचा आवाज चढला नाही. "ते म्हणाले, मी ठोकलेल्या बाकावर बसायला मला पास लागत असेल, तर तो बाकालाच द्या. तो कुठे जात नाय."

तिने पासाची लाल फीत माझ्या डाव्या पायाला गुंडाळून गाठ मारली. शिवदास तिथेच उभा होता. पुढे झाला, थांबला, आणि खिशातून स्वतःचा निळा रुमाल काढून डाव्या टोकाला ठेवायला लागला. तेजलने तो उचलून त्याच्या हातात परत दिला. "राहू दे, काका," एवढंच म्हणाली आणि खेळायला गेली.

मित्रांनो, हजार माणसांच्या या मैदानात पास असलेला मी एकटाच आहे. तुम्ही मोठे व्हाल, कुठल्या ना कुठल्या फाटकाच्या चाव्या तुमच्याही हातात येतील. जागा कमी असेल तर मोजा, जरूर मोजा. पण मोजायला सुरुवात करताना ज्यांनी बाक ठोकले त्यांच्यापासून करा, आणि कुणाचा रुमाल उचलायच्या आधी बाहेर कोण उभं आहे ते एकदा बघून या. मला रंग नका देऊ यंदा. दोन माणसं भांडत द्यायची, तोच मला पुरे होता.

हं, मॅच सुरू होतेय. तेजल कॉर्नरला आली की ती अजूनही इकडे बघते. तेव्हा सरका, दाटीवाटीने बसा, पण ते टोक तेवढं मोकळं ठेवा. तिला ते रिकामं दिसू दे. शिवदासलाही दिसू दे.