सासरा यंदा नको

नकाशावरची पेन्सिलची रेघ कुणीतरी पुसली होती.

चश्मेवाल्याच्या नजरेतून असल्या गोष्टी सुटत नाहीत. अख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या काचांवरचे ओरखडे शोधण्यात गेलेलं. त्याने दुकानातला भिंगाचा दिवा नकाशावर ओढला आणि नाक टेकेल इतका खाली वाकला. खालच्या तळ्यापासून वरच्या तळ्यापर्यंत रेघ ठणठणीत होती. तिथून पुढे खिंडीकडे चढणारी रेघ मात्र गायब. कागद तेवढ्याच जागी खरखरीत झालेला, आणि घडीत रबराचा चुरा अडकलेला.

दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या टेबलावर, हा नकाशा दरवर्षी पसरला जायचा. चार कोपऱ्यांवर चश्म्यांची रिकामी घरं ठेवायची, नाहीतर तो गुंडाळून बसायचा. तो, लेक आणि जावई, तिघं मिळून वाट आखायचे. तंबू कुठे लावायचे, कुठल्या तळ्याचं पाणी प्यायचं, खेचरं कुठपर्यंत न्यायची. आणि शेवटी ती खिंड, जिथे भर उन्हाळ्यातही बर्फ असतो. ती ओलांडून पलीकडे उतरलं की चश्मेवाल्याचं वर्ष सार्थकी लागायचं. सगळ्यांना त्याने सांगूनच ठेवलं होतं, ज्या वर्षी माझी खिंड चुकेल त्या वर्षी मला म्हातारा म्हणा, त्याआधी नाही. बायको म्हणायची, मी तर कधीपासून म्हणतेय.

तर रेघ पुसलेली.

"जावईबापू, ही रेघ कुठे गेली?"

जावई कोपऱ्यात बसून स्टोव्ह साफ करत होता. मान वर न करता म्हणाला, "पुसली गेली असेल बाबा. रबराचा हात लागला असेल."

"रबराला हात असतात हे आज कळलं."

लेक खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. हसणं ठीक होतं, ते गप्प होणं चश्मेवाल्याला खटकलं. पाणी कुठेतरी मुरत होतं.

जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस तसा सरळ, पण बटण दाबून लोकांना वर नेणाऱ्याने डोंगराच्या गप्पा मारू नयेत, असं चश्मेवाल्याचं मत होतं आणि ते त्याने लग्नाच्या आधीपासून लपवलेलं नव्हतं. त्यात आता इमारतीची लिफ्टच बंद पडली होती. 'काम चालू आहे' अशी पाटी जावयानेच लावली होती, काम काही कुणाला दिसलं नव्हतं. चश्मेवाला सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचा, लेक-जावई त्याच्या एक मजला खाली. दुकान बंद करून तो आला की जावई बरोब्बर जिन्यापाशी उभा. "चला बाबा, मी पण वरच चाललोय." मग पायरीपायरीला गप्पा. हवा काय म्हणते, धंदा काय म्हणतो. चश्मेवाला प्रत्येक मजल्यावर थांबून खिशातून फोन काढायचा, कानाला लावायचा आणि "हां, हां, बोला" म्हणत भिंतीला टेकायचा. जावई शांतपणे उभा राहायचा. जिना चढायची घाई नसलेला असा जावई त्याने आयुष्यात पाहिला नव्हता.

याला माझ्याकडून काहीतरी हवंय, चश्मेवाल्याच्या मनाने घेतलं. किंवा माझ्यापासून काहीतरी लपवायचंय.

मग तो दिवस आला. दुकानात एका बाईंचा नंबर काढायचं काम चाललं होतं. जावई बाहेर पायरीवर फोनवर बोलत होता आणि काचेचं दार नीट लागलेलं नव्हतं.

"खालची ओळ वाचा," चश्मेवाला म्हणाला.

आणि बाहेरून आवाज आला, "नाही गं, ऐक माझं. सासरा यंदा नको. वरच्या तळ्यापर्यंत ठीक आहे, तिथेच दोन मुक्काम करू. सासऱ्याच्या नादी लागलो तर वर नेऊन लटकवेल सगळ्यांना. हो, आईंना सांगितलंय. त्या गप्प बसतील."

"ही ओळ दिसत नाही हो मला," बाई म्हणाल्या.

"मला तरी कुठे दिसतेय," चश्मेवाला म्हणाला.

म्हणजे ठरलंय सगळं. माझी लेक, माझा जावई, आणि वर माझीच बायको सामील. ज्याला खिंडीची वाट दाखवली, बर्फात पाय कसा रोवायचा ते शिकवलं, तो म्हणतो सासरा नको. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, इथे तर वाशांनीच घर फिरवलं होतं.

घरी बायको त्याचे लोकरी मोजे रफू करत बसली होती.

"जावई काही बोलला का तुझ्याशी?" त्याने पाणी पिता पिता विचारलं.

"माझ्याशी? या घरात मला कोण काय सांगतं."

"नाही, आपलं सहलीबद्दल."

"मोजे तयार आहेत. तेवढंच माझं खातं," ती म्हणाली आणि सुई अशी काही जोरात ओढली की दोरा तुटला. चोराच्या मनात चांदणं. पण एवढ्या वर्षांच्या संसारात ती कधी खोटं बोलली नव्हती, आणि आत्ताही बोलत नव्हती. फक्त खरं सांगत नव्हती.

सकाळी दुकान उघडून त्याने डोंगराखालच्या खेचरवाल्याला फोन लावला. या माणसाची खेचरं दरवर्षी त्यांचं सामान वर न्यायची, आणि याला लपवाछपवी जमत नाही हे चश्मेवाल्याला ठाऊक होतं.

"काय म्हणतोस? यंदाचं ठरलं ना सगळं?"

"ठरलं की साहेब. दोन मुक्काम वरच्या तळ्यावर आणि तिथूनच माघारी. तुमचे जावई म्हणाले, सासरा यंदा रद्द."

चश्मेवाल्याचं डोकं भणभणलं. आता खेचरवाला पण. "मला तोंडावर सासरा म्हणतोस? तुझा सासरा कधी झालो मी?"

पलीकडे जरा वेळ नुसती खेचरांच्या घुंगरांची किणकिण. मग खेचरवाला असा हसला की खोकलाच लागला त्याला. "तुम्हाला नाही हो साहेब. खिंडीला. खिंडीला सासरा म्हणतात. तुमच्याच जावयाने नाव पाडलंय, आता इथे सगळेच म्हणतात. तुम्हाला माहीत नाही?"

चश्मेवाला स्टुलावर बसला. हसू आलं, रागही आला, आणि छातीवरचं ओझं निम्मं उतरलं. मला नाही, खिंडीला. बरं. मग त्याच्यातला ओरखडे शोधणारा माणूस पुन्हा जागा झाला.

"खिंड का रद्द पण? बर्फ फार आहे का?"

"कुठलं आलंय. यंदा सासरा एकदम खुशीत. वाट मोकळी पडलीय."

वाट मोकळी आहे, आणि तरी रेघ पुसली.

संध्याकाळी मागच्या खोलीत नकाशा पसरला गेला. लेक पिशव्या लावत होती, जावई तंबूच्या दोऱ्या सोडवत होता.

"खिंड मोकळी आहे," चश्मेवाला म्हणाला. "सासरा यंदा खुशीत आहे म्हणे."

जावयाच्या हातातून दोरी सुटली. कान लाल झाले. "बाबा, ते नाव म्हणजे आपलं सहज..."

"चांगलं आहे की. का पडलं पण?"

जावयाने लेकीकडे पाहिलं. तिने मान फिरवली. "वर पोचेपर्यंत मूड कसा आहे ते कळत नाही," तो खाली बघत म्हणाला, "आणि वाकल्याशिवाय पुढे सोडत नाही."

"हं. मग मूड चांगला, वाट मोकळी. तरी रेघ पुसली. कुणी?"

"मी," लेक म्हणाली. पिशवी बाजूला ठेवून ती टेबलापाशी आली. "बाबा, गेल्या वर्षी खिंड चढताना तुम्ही सारखे का बसत होतात?"

"सांगितलं होतं ना. बुटात खडा जात होता."

"दर वेळी?"

"डोंगर आहे तो. खडे असणारच."

"वरचा अर्धा चढ बर्फाचा होता, बाबा. बर्फात खडे कुठून आले?"

चश्मेवाल्याने कोपऱ्यावरचं चश्म्याचं घर उचललं, उघडलं, बंद केलं. टक्, टक्.

"आणि जिन्यात? मला फोन येतात, त्याचं काय?"

"तुम्ही उलटा धरता तो," जावई हळूच म्हणाला.

"डॉक्टरकडे चला म्हटलं असतं तर आला असता तुम्ही?" लेक म्हणाली. "ओळ पाठ करून वाचणारं गिऱ्हाईक तुम्ही लगेच पकडता. मी याच दुकानात वाढलेय. तुमचे ओठ निळे पडले होते वर. मी रात्रभर तुमचा श्वास ऐकत बसले होते, आणि सकाळी तुम्ही म्हणालात, काय मस्त झोप लागली."

चश्मेवाल्याने ते घर पुन्हा कोपऱ्यावर ठेवलं. म्हणजे शब्द चुकीचा घेतला होता, अर्थ बरोबरच लागला होता. सासरा यंदा नको, हे खरंच होतं. दोन्ही सासऱ्यांच्या बाबतीत.

मग त्याने पेन्सिल उचलली, नाक टेकेल इतका वाकला आणि वरच्या तळ्यापासून खिंडीपर्यंत रेघ ओढली. लेकीने तोंड उघडलं.

"थांब. ही तुम्हा दोघांची." मग तळ्याच्या काठावर त्याने एक गोल काढला. "हा माझा. मी इथे दुर्बीण घेऊन बसणार. आई आली तर ती पण."

"तळ्यापर्यंतचं सुद्धा आधी डॉक्टर सांगतील. मग ठरवू."

"जातो. पण डॉक्टर मी निवडणार. तुझा तुमच्या कटात असेल." पेन्सिल कानामागे खोचत तो जावयाकडे वळला. "आणि खिंडीत पोचलात की टोपी हलवायची. नुसतं पोचलो म्हणालात तर मी विश्वास ठेवणार नाही. काचेतून मला सगळं दिसतं."

"अधूनमधून उशिरा दिसतं," लेक म्हणाली.

दुकान बंद करून तिघं इमारतीत आले तर पाटी गेलेली आणि लिफ्टमध्ये दिवा लागलेला. शेजारीण आतून बाहेर येत म्हणाली, चला, सुटलो बाई एकदाचे. जावयाने दार धरून ठेवलं. चश्मेवाल्याने जिन्याकडे पाहिलं, खिशातला फोन चाचपला आणि मग आत जाऊन मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला.

"बटण तू दाब," तो जावयाला म्हणाला. "तुझाच धंदा आहे तो."

लिफ्ट हलली. पहिला मजला गेला तसा त्याने आरशातून जावयाकडे रोखून पाहिलं.

"खरं सांग. ही बिघडली तरी होती का?"

"थोडीशी, बाबा," जावई म्हणाला.