चव्वेचाळीसचा कडता

माझं लग्न सैन्यातल्या डॉक्टरांनी जवळजवळ मोडलं होतं. त्यांनी नवऱ्या मुलाला चव्वेचाळीस टक्के अपंग ठरवलं, आणि माझ्या वडिलांनी त्यातून एवढाच अर्थ काढला की माणूस चव्वेचाळीस टक्के कमी भरला.

त्यात त्यांचा तरी काय दोष! चुडामण आबा धरणगावच्या एका जिनात तोलार होते. कापसाची गाडी काट्यावर आली की मूठभर कापूस ओढायचा, ओल किती, कचरा किती हे बोटांनी जोखायचं, आणि तेवढं वजनातून कापून सगळ्यांसमोर मोठ्याने पुकारायचं. त्या कापलेल्या वजनाला कडता म्हणतात. आबांनी कडता न धरता एकही गाडी सोडलेली कुणाला आठवत नव्हती. घरी भाकरीसुद्धा ते उलटीपालटी करून बघत आणि कडा कच्च्या निघाल्या की तोंड वाकडं करत. माझी माय, झुंबरबाई, तेव्हा दुसरी भाकरी थापायच्या ऐवजी तीच पुन्हा तव्यावर आपटायची.

एक्कावन्न सालची गोष्ट. लोटनमामाने नरडाण्याकडचं स्थळ आणलं. मुलाचं नाव निंबा. ब्रह्मदेशच्या लढाईत बॉम्ब जवळ फुटला, त्यात डावा गुडघा आखडला आणि डावा कान गेला. सरकारचं पेन्शन होतं, घरची थोडी शेती होती.

"कितला टक्का?" आबांनी बसल्या बसल्या विचारलं.

"पायना तीस, आबा. कानना वीस. बठ्ठा मिळीसन चव्वेचाळीस," निंबा म्हणाला. लपवायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

"तीस आन् वीस पन्नास व्हतस! सरकारले बेरीज येत नही का?" आबा मामाकडे वळले. "आन् चव्वेचाळीस तरी कितला! पानीमा बुडेल गाडीले भी मी इतला कडता धरत नही. मनी पोर मी छप्पन्न मानुसले कशी देऊ?"

मी चहा घेऊन उभी होते. मला राग आला आणि रागातच मी विचारलं, "आखो चहा देऊ का?" मी त्याच्या डाव्या बाजूला होते. त्याला नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्याने अख्खा चेहरा माझ्याकडे वळवला आणि मी पुन्हा बोलेपर्यंत वाट बघत राहिला. आमच्या घरात बाप्ये माणसं भिंतीकडे बघून चहा मागत. बाई बोलते आहे म्हणून कुणी असा वळल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. मला तो माणूस हवा होता, झालं.

लोटनमामा हुशार. तो म्हणाला, हे टक्के काही कायमचे नसतात, मधून मधून पुन्हा तपासणी होते, आणि पुढच्या महिन्यात डॉक्टर धुळ्याला येणार आहेत. आबांनी तिथल्या तिथे शर्त घातली, "वीसना खाले आन, मंग पोर तुनी."

निंबाने एकदा माझ्याकडे पाहिलं. "बरं, आबा," म्हणाला.

तपासणीला आबा स्वतः गेले, कारण दुसऱ्याच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मामाही सोबत होता, म्हणून तर पुढचं मला कळलं. धुळ्याला तपासणी होती त्या घराच्या ओसरीवर जुने शिपाई जमले होते. मोटार स्टँडवरून धडधाकट आलेले गडी फाटक दिसताच लंगडायला लागत. एकाने तर हातातली पिशवी दुसऱ्याला धरायला दिली आणि मग कण्हायला सुरुवात केली. त्या सगळ्या कण्हण्यातून निंबा दात आवळून, छाती काढून, परेडवर असल्यासारखा चालत गेला. घामाने सदरा ओला झाला होता.

"बरा झालास वाटतं," पिकल्या केसांचे डॉक्टर म्हणाले. "उकिडवा बस."

बसला. उठता आलं नाही. मामाने हात दिला.

मग डॉक्टर त्याच्या मागे गेले, उजवा कान दाबायला लावला, आणि हळू आवाजात आकडे सांगू लागले. त्याने मागोमाग तेच म्हणायचं. निंबा गप्प. डॉक्टर कुजबुजले, "आठ." समोरच्या बाकावर बसलेल्या आबांनी पटकन आठ बोटं वर केली!

"आठ," निंबा खणखणीत बोलला.

"तीन." तीन बोटं. "तीन!"

डॉक्टरांनी मान वर केली. "तुम्ही कोण हो याचे?"

"सासरा," आबा बोलून गेले.

मामा सांगतो, त्यानंतर आबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. डॉक्टर हसले नाहीत. "सासरेबुवा, इथे लोक टक्के वाढवायला येतात. वीसच्या खाली गेला तर याचं पेन्शन बंद होईल. हे याला चांगलं ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक आहे का?"

आबांना ठाऊक नव्हतं. मग तीस आणि वीस पन्नास का होत नाहीत, तेही डॉक्टरांनीच समजावलं. परतीच्या मोटारीत आबांनी निंबाला विचारलं, "तुले माहीत व्हतं, आन् तरी ऊना?" पण नेमका त्याचा डावा कान आबांकडे होता. निदान ऐकू आलं नाही असं त्याने दाखवलं.

घरी आल्यावर यातलं काही बोलतील तर ते आबा कसले! "चव्वेचाळीसच शे," एवढं बोलून पाय धुवायला गेले. चार माणसांत घातलेली शर्त होती, आणि एकदा पुकारलेला आकडा तोलार मागे घेत नाही. मला रडू फुटलं. चुलीच्या धुराने नव्हे, खरंखुरं.

आबा ताटावर बसले. माय शांतपणे भाकरी थापत होती. "पन्नासना चव्वेचाळीस कसं व्हयनं, ते तर सांगा," ती म्हणाली.

हिशोब म्हटल्यावर आबा खुलले. "शंभरमायीन पायना तीस काढा, सत्तर राह्यना. कानना वीस शंभरवर नही, त्या सत्तरवर. चौदा. उरना छप्पन्न. जे उरस, त्यावरच पुढला कडता."

"आस्सं!" माय म्हणाली. "मंग तुमना उजवा डोयाले फूल पडेल शे. त्याना तीस धरा."

आबांचा घास हातातच राहिला.

"सत्तर राह्यनात," मी डोळे पुसून म्हणाले.

"पोती उचली उचली कंबर गई. वीस."

"छप्पन्न. निंबाइतलाच."

"आन् दात?" माय म्हणाली. "निम्मा भी नहीत. दहाच धर, जास्ती नको धरू."

"पन्नास, माय."

"संताप तर मी धराच नही," मायने भाकरी उलटली. "मनी मायनी मले पन्नास मानुसले दिधं, आन् मी एक दिवस कडता मांगा नही."

आबा ताटावरून उठले ते सरळ ओट्यावर जाऊन बसले. मला वाटलं, आता संपलंच. अर्ध्या तासाने बाहेरूनच आवाज आला, "लोटनले सांग, सकाय पोऱ्याले जिनमा आन. नवं वजन करनं पडी."

सकाळी मी मुद्दाम भाकरीचं गाठोडं घेऊन जिनात गेले. गाड्यांची रांग लागली होती आणि सगळे गाडीवान हातातलं काम टाकून बघत होते, कारण आबांनी निंबाला काट्याच्या पारड्यात बसवलं होतं. दुसऱ्या पारड्यात मापं चढली. काटा स्थिर झाला.

"दीड मण दोन शेर!" आबांनी पुकारलं.

आता कडता येणार म्हणून सगळे थांबले. आबांनी निंबाच्या आखडलेल्या गुडघ्यावर हात ठेवला. नेहमी कापूस जोखणारी ती बोटं तिथे बराच वेळ राहिली. मग त्यांनी पुकारलं.

"कडता नही!"

रांगेतला हिलाल नावाचा गाडीवान ओरडला, "मंग आमना भी माफ करा, भाऊ!" सगळं जिन हसलं. आबांनी त्याला एक शिवी दिली आणि डोळा पुसला, फूल पडलेला नव्हे, चांगला.

त्या गलक्यात निंबाला काहीच ऐकू आलं नव्हतं. पारड्यात बसल्या बसल्या त्याने अख्खा चेहरा माझ्याकडे वळवला.

"काय म्हनतस आबा?"

मी उजव्या बाजूला गेले आणि वाकून सांगितलं, "पुरा भरना, म्हनतस."